त्वचेचा कर्करोग: तुकडा न तपासता डाग जाळू नका, आणि उपचार शोधताना या इतर चुकाही टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील रुग्णांसोबत दवाखान्यांच्या रांगेत उभे राहण्याचे काम करताना त्याच त्या चुका वारंवार दिसतात. त्यांतील सर्वांत घातक चूक म्हणजे संशयास्पद डाग, तीळ किंवा न भरणारी जखम तुकडा न तपासताच, म्हणजे बायोप्सी न करताच, जाळून किंवा कापून टाकणे. घरी चुना आणि पापडखार लावून तीळ जाळतात, भोवरीवर बिब्बा लावतात, आणि एखाद्या घाईच्या दवाखान्यात मशीनने डाग जाळून ‘झाले, आता काळजी नको’ असे सांगितले जाते. जळालेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येत नाहीत, त्यामुळे रोग कोणता होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

दापोली तालुक्यातील एका खलाशाच्या टाचेवर काळा डाग उठला होता. होडीवर अनवाणी वावरणाऱ्या माणसाला भोवरी नवीन नसते, म्हणून त्यांनी तो ब्लेडने तासला आणि वर बिब्बा लावला. बिब्ब्याच्या काळेपणात मूळ डागाचा काळेपणा झाकला गेला. पुढे एका दवाखान्यात तो जाळला गेला. जखम महिनोन्महिने चिघळत राहिली आणि जांघेत गाठ आली, तेव्हा सुईच्या तपासणीत मेलानोमा, म्हणजे त्वचेचा लवकर पसरणारा घातक कर्करोग, निघाला. मुंबईचे डॉक्टर पहिल्या डागाचा रिपोर्ट मागत होते, कारण मेलानोमा त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर भोवतीची किती त्वचा काढायची आणि लसीकाग्रंथी (रोग आधी जिथे पसरतो ती जांघेतली किंवा काखेतली गाठ) तपासायची का, हे ठरते. खलाशाच्या पत्नीने पिशवीतून जे काढून दिले ते केवळ बिल होते आणि त्यावर ‘भोवरी काढणे’ एवढेच लिहिलेले होते. अशी भोवरी बघितली की मला आजही राग येतो, आणि तो रुग्णाचा नसून ‘पाच मिनिटांत काढून देतो’ म्हणणाऱ्या घाईचा आहे.

आपल्याकडे मेलानोमा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली आढळतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, म्हणून ‘आम्ही काही गोरे नाही, आम्हाला कसला त्वचेचा कर्करोग’ हा दिलासा खोटा आहे. नाक, गाल किंवा पापणीवर सावकाश वाढणारा बेसल सेल कर्करोग आपल्या त्वचेवर बऱ्याचदा काळसर दिसतो आणि त्याला मस समजले जाते. जुन्या भाजलेल्या व्रणात किंवा वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेत स्क्वॅमस सेल कर्करोग उद्भवू शकतो. डाग दुखत नाही म्हणून थांबणे ही वेगळी चूक, आणि ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही भीती निराधार आहे.

माझी पद्धत साधी आहे. डागाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढावा, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा आणि काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) पॅथॉलॉजीला, म्हणजे तो तपासणाऱ्या लॅबला, जातो ना, हे खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी विचारावे. रिपोर्ट आल्यावर तीन गोष्टी वाचाव्यात: कर्करोगाचा प्रकार, मेलानोमा असल्यास त्याची जाडी, आणि कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत का. उपचारांचे पर्याय या तीन ओळींतूनच उलगडतात. पाठीवरचा लहान बेसल सेल कर्करोग थोड्या निरोगी त्वचेसह काढला, तर बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागते आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणीही जमते. नाक-पापणीजवळ मात्र नंतरच्या प्लास्टिक सर्जरीचा विचार आधीच करणारा शल्यविशारद हवा. शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा रेडिएशन असते, पण ते अनेकदा काही आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालते, म्हणून राहण्याची सोय लागते. पसरलेल्या मेलानोमासाठी इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारी, औषधे आहेत; ती महाग असतात. मलमाने बरे होणारे प्रकार मोजके आणि वरवरचे असतात. मेडिकलमधून आणलेल्या स्टिरॉइडच्या ट्यूबा त्यांत येत नाहीत.

दुसरी चूक परळला निघण्याच्या घाईत होते. तुतारी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरायचे, मोबाईलमध्ये रिपोर्टचा फोटो दाखवायचा आणि संध्याकाळी परत निघायचे, असा बेत करून माणसे टाटा रुग्णालयात जातात. तेथील पॅथॉलॉजिस्ट रोग स्वतः पुन्हा तपासतात आणि त्यासाठी मूळ स्लाइड (तुकड्याचा पातळ काप लावलेली काच) व तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागतात. ते गावाकडच्या लॅबमध्ये राहिले, की फेरी वाया जाते आणि मधले दिवस रोगाला मिळतात. ब्लॉक मागून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. पावती करून, रिपोर्टशी क्रमांक जुळवून ते घ्यावेत आणि फाईलमध्येच ठेवावेत. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करावी, आणि रेल्वेच्या कर्करुग्ण सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा.

प्रत्येकाने मुंबईलाच धावावे, हा आग्रहही मला पटत नाही. चिपळूणजवळच्या डेरवणला वालावलकर रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात, आणि दक्षिण सिंधुदुर्गातील लोकांना बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज किंवा कोल्हापूर जवळ पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजना तिथे लागू आहे का, हे मात्र निघण्यापूर्वी विचारावे. या योजनेत उपचारापूर्वी मंजुरी लागते आणि आधी रोख भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी शिधापत्रिका व आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटावे, आणि दोन्हींवरील नावाचे स्पेलिंग जुळत नसेल, तर ते तुकड्याचा रिपोर्ट येण्याची वाट पाहत असतानाच दुरुस्त करायला द्यावे.