उघडिपीत सोयाबीन दमते, हराळी का माजते?

जुलैत पाऊस आठ-दहा दिवस उघडला की दुपारी सोयाबीनची पाने मलूल होऊन उलटी पडतात, पांढुरकी बाजू वर. त्याच ओळीतली हराळी आणि लव्हाळा मात्र ताठ. जमीन तीच, खत तेच. फरक आहे तो पानाच्या आत.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचे काम पानात रुबिस्को नावाचे विकर करते. हवेत ऑक्सिजन जेमतेम होता त्या काळातले ते. ऊन तापले की ते चुकून ऑक्सिजनच धरते आणि झाडाच्या कमाईचा बराच वाटा वाया जातो. सोयाबीन, तूर, कापूस, भात हे सगळे याच जुन्या, सी-३ पद्धतीचे. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला, तेव्हा उष्ण भागातल्या काही गवतांना तोड सापडली: कार्बन आधी बाहेरच्या पेशींत पकडायचा, मग शिरेभोवतीच्या पेशींत दाटीने भरायचा. तिथे रुबिस्कोला चुकायला फारसा वाव राहत नाही. ही सी-४ पद्धत, वेगवेगळ्या वनस्पतींत ६० हून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजलेली. ज्वारी, बाजरी, मका, ऊस याच घरातले. ज्वारीचे पान उन्हासमोर धरून पाहा, शिरा किती जवळजवळ आहेत ते दिसेल.

पानावरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे रंध्रांतून, हवा आत येते आणि पाणी उडून जाते. या पानांची रंध्रे थोडी मिटली तरी काम अडत नाही. म्हणून तेवढाच वाळला चारा तयार करायला त्यांना सी-३ पिकांच्या साधारण निम्मेच पाणी लागते. (उसाचे पाणी वाढते ते तो बारा ते अठरा महिने रानात उभा असतो म्हणून.)

दुर्दैवाने आपली चिवट तणेही याच घरातली: हराळी, लव्हाळा, माठ, घोळ. पण त्यांची एक दुखरी नस आहे. कार्बन भरण्याच्या या पंपाला जादा ऊर्जा लागते आणि ती उन्हातून येते. सावलीत त्यांचा तोरा उतरतो. म्हणून सोयाबीनने ओळी लवकर झाकल्या पाहिजेत. ओळींत ४५ सेंमी, रोपांत ५ सेंमी अंतर ठेवा, आणि तुटाळी (रोपे नसलेल्या मोकळ्या जागा) पडल्या असतील तर त्या जागी तणावर आधी लक्ष द्या. पहिली कोळपणी १५ ते २० दिवसांनी, दुसरी ३० ते ३५ दिवसांनी, दोन्ही वापशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना. पेरणीपासून दीड महिना रान स्वच्छ राहिले की पुढचे काम सावली करते. तणनाशक मारायचेच असेल तर तण २ ते ४ पानांवर आणि जमिनीत ओल असताना, लेबलवरच्या मात्रेतच. उन्हाने ताणलेले तण औषध नीट शोषत नाही.

घोळ खुरपून सरीत टाकू नका. पाणी तुटले की ही वनस्पती निवडुंगासारखी रात्री कार्बन साठवायला लागते. उपटलेली घोळ चार दिवस उन्हात पडूनही मरत नाही, पावसाच्या पुढच्या सरीला पुन्हा मुळ्या धरते. बांधाबाहेर न्या. बी धरण्याआधीची कोवळी असेल तर घरी न्या, डाळ घालून भाजी उत्तम होते.

हलक्या, मुरमाड रानात पेरणी अजून राहिली असेल तर सोयाबीनचा हट्ट नको. बाजरी आणि तूर २:१ ओळींनी घ्या. ऑगस्टमध्ये पुन्हा उघडीप पडली तरी बाजरी तग धरते, आणि तिची काढणी झाली की तुरीला रान मोकळे मिळते.