फोनवर भूकंपाचा इशारा वाजला तर: तयारी आजच करून ठेवा

भूकंप कधी होणार हे आधी कोणीच सांगू शकत नाही, फोनसुद्धा नाही. पण भूकंप सुरू झाल्यावर त्याचे जोराचे हादरे आपल्यापर्यंत पोचायच्या आत फोन वाजू शकतो. जमिनीतून आधी प्राथमिक लहरी धावतात, सेकंदाला साधारण 6 किलोमीटर वेगाने. पडझड करणाऱ्या दुय्यम लहरी त्यांच्या मागून येतात, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे केंद्रापासून 100 किलोमीटरवर त्यांना पोचायला 28-29 सेकंद लागतात. अँड्रॉइडच्या व्यवस्थेत एका जागी स्थिर ठेवलेले फोनच भूकंपमापकाचे काम करतात. आतला सेन्सर थरथर टिपतो आणि सर्व्हरला कळवतो. एकाच भागातल्या पुष्कळ फोनांनी तसे कळवले की इशारा सुटतो. यात काही सेकंद जातातच, त्यामुळे केंद्राच्या अगदी जवळ असणाऱ्यांना आधी काहीच कळणार नाही, असेही होऊ शकते.

सेटिंग आत्ताच बघा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते, तिथे ‘भूकंप’ लिहा. फोन इंग्रजीत असेल तर ‘अर्थक्वेक’. हा पर्याय कुठल्या फोनमध्ये आणीबाणीच्या विभागात असतो, तर कुठल्या फोनमध्ये लोकेशनच्या, म्हणून शोधणेच सोपे. तो चालू करा. लोकेशनही चालू हवे आणि इंटरनेटही. ही सोय सगळ्या देशांत नाही. आयफोनवर अँड्रॉइडची ही व्यवस्था चालत नाही; तिथे नोटिफिकेशन्सच्या पानावर अगदी तळाशी सरकारी इशाऱ्यांचे पर्याय असतात, ते तपासा.

एक सवय मात्र मोडायला हवी. बरेच जण झोपताना डेटा आणि वायफाय बंद करतात किंवा फोन फ्लाइट मोडवर टाकतात. मग इशारा येणारच नाही. शांतता हवी असेल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. मोठ्या हादऱ्यांचा इशारा त्यातूनही वाजतो.

घरातल्या सगळ्यांना आवाज ऐकवा

अँड्रॉइडच्या भूकंप इशाऱ्याच्या पानावर डेमो असतो. आमच्या घरी तो पहिल्यांदा लावला तेव्हा आईने फोन उचलला, चष्मा शोधला आणि मजकूर वाचायला घेतला. मी घड्याळ बघत होतो, 11 सेकंद गेले. त्या दिवसापासून आमच्याकडे ठरले आहे: आवाज आला की आधी टेबलाखाली जायचे, वाचायचे नंतर.

इशारे दोन प्रकारचे असतात. हलके हादरे अपेक्षित असतील तर साधी सूचना येते. जोराचे असतील तर पडदा उजळतो, कर्कश आवाज होतो आणि काय करायचे तेही दिसते.

जागा ठरवा आणि सराव करा

प्रत्येक खोलीत मजबूत टेबल कुठे आहे, काच आणि जड कपाट कुठे आहे, हे बघून ठेवा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीलगतची जागा धरा. फोनवर टायमर लावून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते मोजा. पुढून बंद असलेल्या चपला पलंगाखाली, हाताला लागतील अशा ठेवा. अंधारात फुटलेल्या काचांवर पाय पडून माणसे जखमी होतात.

इशारा वाजला की

गुडघ्यांवर बसा, डोके-मान झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. अंथरुणात असाल तर तिथेच उशीने डोके झाका. व्हीलचेअर असेल तर चाके लॉक करून पुढे वाका. गॅस हाताशी असेल तरच बंद करा. जिन्याकडे किंवा लिफ्टकडे पळू नका. मात्र घर मातीचे किंवा कच्च्या विटांचे, वर जड छप्पर असेल, तुम्ही तळमजल्यावर असाल आणि दार दोन पावलांवर असेल, तर मोकळ्यावर निघा. गाडी चालवत असाल तर पूल, झाडे आणि विजेच्या तारा टाळून कडेला थांबा.

इशारा चुकीचा निघाला तर? विजांच्या कडकडाटाने फोन थरथरून चुकीचा इशारा गेल्याची उदाहरणे आहेत, पण फारच थोडी. टेबलाखाली मिनिटभर बसण्याने काही बिघडत नाही. याच्या उलटी चूक, म्हणजे इशारा न येणे, जास्त धोक्याची. 6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कीतल्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात या व्यवस्थेने तीव्रता फार कमी मोजली आणि बहुतेकांना मोठा इशारा गेलाच नाही. नंतर गणित सुधारले. म्हणून जमीन हलायला लागली आणि फोन गप्प असला, तरी त्याची वाट बघू नका.

हादरे थांबल्यावर

चपला घाला. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, काडी ओढू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. नंतरचे धक्के काही मिनिटांतही येऊ शकतात, तडे गेलेल्या घरात सामान आणायला परत जाऊ नका. नातेवाइकांना फोन करण्याऐवजी ‘आम्ही ठीक आहोत’ एवढा एसएमएस टाका. लाइन गच्च भरली असली तरी तो बहुधा पोचतो, आणि अडकलेल्यांचे फोन लागायला जागा राहते.