व्यायलेली गाय उठेना

तिसऱ्या वेताची जर्सी संकरित गाय रात्री व्यायली. पहाटे बघतो तर मान बरगडीकडे वळवून बसलेली, कान थंडगार, नाकपुडी कोरडी. दुग्धज्वरच, म्हणजे व्यायल्यावर कॅल्शियम दुधात जाऊन रक्तातलं एकदम घटतं तो आजार! जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या हेल्पलाइनला फोन लावला.

आबा गूळपाणी पाजा म्हणाले, मी पाजू दिलं नाही. अशा जनावराला नीट गिळता येत नाही, पाणी फुफ्फुसात जातं. दोन्ही बाजूंनी भुश्याची पोती लावून तिला छातीवर बसती ठेवली. आडवी पडली की पोट फुगतं.

डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली कोमट करून मानेच्या शिरेतून अगदी सावकाश सोडली, स्टेथोस्कोप छातीवर. घाईत सोडलं तर हृदय बंद पडू शकतं. बाटली संपता संपता थरथर, ढेकर, मग शेणाचा पो, आणि गाय उभी! पुढचे दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी केली नाही.