व्हिजिटर व्हिसा आधी नाकारला गेलाय? मग जोडीदाराच्या कॅनडा पीआरची फाईल अशी तयार करा

नवरा ब्रॅम्पटनला, बायको उदगीरला. मधल्या काळात कुणीतरी सुचवलं म्हणून व्हिजिटर व्हिसा भरला आणि नकार आला. आता स्पाउस स्पॉन्सरशिपची, म्हणजे जोडीदाराच्या पीआरची (कायमच्या रहिवासाची) फाईल भरायची वेळ आली, की घरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: "ते रिजेक्शन दाखवायचं का लपवायचं?"

दाखवायचं. नुसतं दाखवून भागत नाही, ते नीट समजावूनही सांगायचं. कसं, ते इथे लिहिते. नातेवाइकांत आणि ओळखीत अशा बऱ्याच फाइली मी जवळून पाहिल्यात. अडचण जुन्या नकारामुळे क्वचित आली. ती आली त्या नकाराआधी भरलेल्या फॉर्ममधल्या एखाद्या ओळीमुळे.

आधी मनातली भीती बाजूला ठेवू. व्हिजिटर व्हिसा देताना अधिकारी मुख्यतः एक गोष्ट बघतो: हा माणूस मुदत संपल्यावर परत जाईल का? कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांतलं कलम 179 हेच सांगतं. नवीन लग्न झालेली मुलगी, नवरा तिकडे, इकडे स्वतःची नोकरी नाही. अशा अर्जाला "परत जाल अशी खात्री पटत नाही" असं उत्तर येणं साहजिक आहे. स्पॉन्सरशिपमध्ये हा प्रश्नच उरत नाही, कारण तुम्ही तिकडे कायमचं राहायलाच चाललात. तिथे तपासलं जातं ते वेगळंच: लग्न खरं आहे का, आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठीच केलं नाही ना? म्हणजे ज्या नवऱ्यामुळे पहिला व्हिसा अडला, तोच नवरा दुसऱ्या अर्जाचा पाया असतो.

आधी जुना फॉर्म हुडका

नवीन फॉर्मला हात लावण्याआधी जुना पूर्ण अर्ज मिळवा. नकाराचं पत्र पुरेसं नाही. त्यात ठरावीक साच्यातली दोन-तीन कारणं असतात: कौटुंबिक संबंध, प्रवासाचा हेतू, आर्थिक स्थिती. आपल्याला हवंय ते आपण काय लिहून दिलं होतं ते. अर्ज ऑनलाइन भरला असेल तर ज्या खात्यातून भरला तिथे शोधा. खातं एजंटचं असेल तर त्याच्याकडून भरलेल्या फॉर्मची पीडीएफ आणि जोडलेली सगळी कागदपत्रं मागून घ्या. फोनवर मागू नका, व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लेखी मागा.

एजंट उडवाउडवी करत असेल तर दुसरा मार्ग आहे. कॅनडाच्या माहिती मागण्याच्या कायद्याखाली तुमच्या फाईलमधल्या अधिकाऱ्याच्या नोंदी मिळतात. लोक त्यांना जीसीएमएस नोट्स म्हणतात. हा अर्ज कॅनडाचा नागरिक, पीआर किंवा तिथे हजर असलेली व्यक्ती करू शकते. म्हणून तो नवऱ्याने करावा आणि बायकोने सही केलेलं संमतीपत्र जोडावं. फी 5 डॉलर, कायद्याने मुदत 30 दिवसांची. अधिकाऱ्याच्या मनात नेमकं काय आलं, ते या नोंदींतून कळतं.

आता दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्पॉन्सरशिपचा अधिकारी जुनी फाईल उघडतोच. बोटांचे ठसे दिलेले असतील तर नाव बदललं तरी फाईल जुळते. आपल्या भागातल्या अर्जांत विसंगती साधारण ठरलेल्या जागी निघते.

पहिली जागा, वैवाहिक स्थिती. आपल्याकडे व्हिसाची घाई असली की आधी नोंदणी उरकतात आणि मांडव चार-सहा महिन्यांनी पडतो. मधल्या काळात व्हिजिटर फॉर्म भरला तर घरचे म्हणतात, "लग्न अजून व्हायचंय," आणि एजंट अविवाहित लिहितो. माझ्या चुलत बहिणीच्या बाबतीत हेच झालं. विशेष विवाह कायद्याखाली रजिस्ट्रारसमोर लग्न जानेवारीत, व्हिजिटर फॉर्म फेब्रुवारीत, हळद मे महिन्यात. कायद्याने ती जानेवारीतच विवाहित झाली होती. घरातल्या एकालाही त्या दिवशी ते जाणवलं नव्हतं.

उलटा प्रकारही होतो आणि तो जास्त अवघड. सप्तपदी न करता नुसतं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढायचं, कारण व्हिसाला लागतं. हिंदू विवाह कायद्यानुसार जिथे सप्तपदीची रीत आहे, तिथे सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की विधीच झाले नसतील तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. परदेशच्या व्हिसासाठी आधी नोंदणी उरकण्याच्या पद्धतीवरही न्यायालयाने तेव्हाच बोट ठेवलं. म्हणून लग्न कोणत्या कायद्याने, कोणत्या तारखेला झालं आणि नोंदणी कधीची, हे वेगवेगळं लिहून काढा. फॉर्ममध्ये लग्नाची तारीख म्हणून नोंदणीची तारीख टाकू नका, त्याच दिवशी लग्न झालं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी जागा, बोलावणाऱ्याशी नातं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे जुनी रीत आहे. समजा, लग्नाआधी आत्याच्या मुलाने बोलावणं पाठवलं म्हणून जुन्या फॉर्मवर "कझिन" लिहिलं, आणि आता त्याच माणसाचं नाव नवरा म्हणून आलं. दोन्ही खरं आहे, पण ओटावात बसलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटणार. कॅनडाच्या कायद्यात चुलत-मामे भावंडांच्या लग्नाला मनाई नाही आणि हिंदू विवाह कायदाही जिथे रूढी आहे तिथे ते मान्य करतो. तेव्हा सरळ लिहा: आम्ही आते-मामे भावंडं, आमच्या समाजात हे लग्न रूढीने चालतं, बोलणी अमुक महिन्यात झाली. कुटुंबातल्या आणखी दोन-तीन जोडप्यांचं असंच लग्न झालं असेल तर तेही सांगा. मात्र होणाऱ्या नवऱ्याला "फ्रेंड" लिहिलं असेल तर त्याचा खुलासा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी जागा, नाव. लग्नात मुलीचं नावच बदलण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. व्हिजिटर फॉर्म माहेरच्या नावावर, नवीन पासपोर्ट सासरच्या. "इतर नावं" या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव आणि लग्नातलं नाव, दोन्ही लिहा. जन्मगावाचंही तसंच. जुन्या पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असेल, तर 2023 मध्ये नावं बदलली, एवढं एक वाक्य खुलाशात पुरतं.

चौथी जागा, नोकरी आणि पैसा. व्हिजिटरसाठी फाईल वजनदार दिसावी म्हणून सासऱ्यांचा सातबारा, कुणाच्या तरी फर्मचं नोकरीचं पत्र, चार दिवसांपुरती खात्यात टाकलेली रक्कम जोडलेली असते. स्पॉन्सरशिपच्या फॉर्ममध्ये वयाच्या 18 व्या वर्षापासूनचा किंवा गेल्या 10 वर्षांचा सलग तपशील मागतात. तिथे "गृहिणी" आणि जुन्या फाईलमध्ये त्याच वर्षी "अकाउंटंट" असेल, तर प्रश्न येणारच.

नवऱ्यानेही स्वतःचा जुना पीआर अर्ज काढून पाहावा. पीआर मिळून कॅनडात उतरण्याआधी लग्न झालं असेल आणि बायकोचं नाव कळवलंच नसेल, तर व्हिजिटर नकारापेक्षा ही बाब कितीतरी गंभीर आहे. इमिग्रेशन नियमांतल्या कलम 117 खाली स्पॉन्सरशिपच अडू शकते. अशा वेळी वकील गाठा.

तारखांचा एक कागद करा

एक वही घ्या आणि उभी रेघ मारा. एका बाजूला नात्याच्या तारखा: स्थळ कुणी सुचवलं, पाहण्याचा कार्यक्रम, सुपारी फुटली, कुंकू, साखरपुडा, लग्न, नोंदणी. दुसऱ्या बाजूला व्हिसाच्या तारखा: अर्ज, ठसे, नकार, पुन्हा अर्ज. जुना नकार खरोखर टोचू शकतो तो इथेच. व्हिजिटर व्हिसा मार्चमध्ये नाकारला, एप्रिलमध्ये स्थळ आलं आणि मेमध्ये लग्न, असा क्रम दिसला तर लग्न व्हिसासाठी केलं असा संशय येऊ शकतो. बोलणी नकाराच्या आधीची असतील तर त्याचे पुरावे पुढे ठेवा: छापलेली पत्रिका, हॉलच्या बुकिंगची पावती, दोन्ही घरांतले मेसेज. आणि खरंच घाईत ठरलं असेल तर तसंच सांगा. आपल्याकडे पसंती आली की महिन्याभरात लग्न लागतं, तिथीही उन्हाळ्यात एकवटलेल्या असतात. अधिकाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नाही, ते आपण सांगायचं.

नकाराचा उपयोगही होतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. लग्नानंतर दोघं वर्षभर भेटलेच नाहीत, का? असा प्रश्न आला तर व्हिजिटर नकाराचं पत्र हाच पुरावा असतो, की बायकोने भेटायला जायचा प्रयत्न केला होता.

फॉर्ममधला प्रश्न आणि खुलाशाचं पत्र

पार्श्वभूमीच्या फॉर्ममध्ये, ज्याला शेड्यूल ए म्हणतात, सरळ विचारलेलं असतं: कॅनडाने किंवा दुसऱ्या कोणत्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारलाय का? कोणत्याही देशाने. अमेरिकेचा बी-2 पर्यटक व्हिसा, युरोपचा शेंजेन, सगळं त्यात आलं. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एकमेकांत व्हिसाची माहिती वाटून घेतात. "हो" वर खूण करा आणि प्रत्येक नकाराचा देश, प्रकार आणि तारीख द्या.

सोबत एक पानाचं पत्र, इंग्रजीत, साध्या भाषेत. आधी तारीख आणि नकाराचं कारण, मग तेव्हाची परिस्थिती, मग आता काय बदललं. जुन्या फॉर्ममध्ये चूक असेल तर ती नेमकी कोणती, कशी झाली आणि खरी माहिती काय. भावनिक विनवण्या नकोत, जुन्या अधिकाऱ्यावर राग तर मुळीच नको. मराठी कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. ते नवरा-बायकोने किंवा घरच्यांनी केलेलं चालत नाही.

चूक आपणहून सांगायची भीती वाटते, मला कळतं. पण कॅनडाच्या कायद्यात कलम 40 आहे: महत्त्वाची माहिती चुकीची दिली किंवा दडवली तर 5 वर्षं बंदी, आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. फॉर्म एजंटने भरला हा बचाव सहसा टिकत नाही, कारण सही तुमची असते. बहिणीने पहिल्याच दिवशी चूक लिहून दिली, रजिस्ट्रारचं प्रमाणपत्र, मेची पत्रिका आणि एजंटशी झालेले मेसेज जोडले. वेळ लागला, पण फाईल पुढे सरकली. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. जुनं विधान गंभीर असेल किंवा खोटा कागद जोडला गेला असेल, तर भरण्याआधी कायद्याच्या जाणकाराला दाखवा. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडातल्या लॉ सोसायटीचा वकील, क्वेबेकचा नोटरी किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक लागतो. कॉलेजची यादी ऑनलाइन उघडी आहे, नाव टाकून बघा. परवाना नसलेला माणूस "आपलं नाव कुठे येणार नाही" म्हणत असेल तर तिथून उठा.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. अमेरिकेत 214 बी खालचा, म्हणजे परत जाण्याची खात्री न पटल्याचा, नकार स्पाउस व्हिसाला आडवा येत नाही, पण खोटं बोलल्याचा ठपका बसला तर कायमची बंदी येते आणि माफीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ब्रिटनमध्ये फसवणुकीवर 10 वर्षांपर्यंत बंदी आहे. ऑस्ट्रेलियात खोट्या माहितीवर साधारण 3 वर्षं.

फाईल गेल्यावर

बायोमेट्रिक्सचं (ठसे देण्याचं) केंद्र मराठवाड्यात नाही. लातूर-बीडकरांना पुणे, नांदेडकरांना हैदराबाद सोयीचं. ठसे 10 वर्षं चालतात, पण ती सवलत व्हिजिटर, शिक्षण आणि कामाच्या अर्जांना आहे. पीआरसाठी सूचनापत्र आलं तर जुने ठसे दिलेत म्हणून थांबू नका.

फाईल चालू असताना पुन्हा व्हिजिटर व्हिसा भरता येतो. कायमचं राहायची इच्छा असताना तात्पुरतं जाण्याला इमिग्रेशन कायद्याचं कलम 22 मुभा देतं, फक्त पीआर मिळाला नाही तर मुदतीत परत याल हे पटवावं लागतं. या वेळी पीआरची फाईल चालू आहे, हे त्या अर्जात स्पष्ट लिहा. पुन्हा नकार आला तर तोही वेबफॉर्मने (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन फॉर्मने) पीआरच्या फाईलला कळवा.

अधिकाऱ्याला शंका आली तर तो प्रोसिजरल फेअरनेस लेटर, म्हणजे निर्णयाआधी तुमचं म्हणणं मागणारं पत्र, पाठवतो. उत्तराची मुदत त्यातच असते. हा ईमेल स्पॅममध्ये जाऊन मुदत हुकल्याचं मी पाहिलंय, म्हणून फाईलवर एजंटचा ईमेल न टाकता स्वतःचा टाका आणि रोज उघडा.

आणि पीआर नाकारलाच तर कॅनडातल्या स्पॉन्सरला, म्हणजे नवऱ्याला, इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं. चुकीच्या माहितीचं कारण असलं तरी जोडीदारासाठी हा हक्क राहतो. मुदत निर्णयाचं पत्र मिळाल्यापासून 30 दिवस. पत्र बायकोच्या ईमेलवर उदगीरला आलं तर त्याच रात्री नवऱ्याला फॉरवर्ड करा.