नदीकाठी कुत्र्याला लांब फिरवताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक पाण्यातली नाही, परतीच्या वाटेवरची आहे. "थकला की मागे फिरू," असं म्हणून लोक निघतात. पण कुत्रा थकलो म्हणून सांगत नाही. आपण चालतोय तोवर तोही शेपूट हलवत चालतो. तो खाली बसतो तेव्हा त्याची ताकद कधीच संपलेली असते, आणि घर अजून तेवढंच लांब असतं.

हे मी स्वतः केलंय. भुरी तेव्हा तीन वर्षांची होती, वजन 24 किलो. सकाळी लवकर निघून आम्ही काठाकाठाने सात किलोमीटर गेलो. वाटेत ती सारखी पाण्यात शिरायची, बाहेर यायची, पुन्हा शिरायची. भिजून भिजून पंजाच्या गाद्या मऊ पडतात आणि मग वाळू-खडीवर सोलवटतात, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. परतताना दोन किलोमीटरवर ती बसली आणि पंजा चाटू लागली. काटा असेल म्हणून पंजा उलटून पाहिला, तर गादीची साल नखाएवढी सुटून लोंबत होती. खालचं गुलाबी मांस उघडं पडलं होतं आणि त्यात वाळूचे कण रुतले होते. मागचा एक पंजाही तसाच. उरलेले पाच किलोमीटर तिला खांद्यावर घेऊन आलो, दर शे-दोनशे पावलांवर खाली ठेवत. एवढ्या वेळात तिने एकदाही कुं केलं नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

तेव्हापासून माझी सवय अशी: कुत्र्याच्या अंगात जेवढा दम आहे असं वाटतं, त्याचा तिसरा हिस्सा संपला की मागे फिरायचं, कुत्रा उड्या मारत असला तरी. दर अर्ध्या तासाने चारही पंजे उलटून बघायचे, बोटांच्या बेचक्यात बोट घालून. पिशवीत गॉझ, चिकटपट्टी आणि दोन जुने मोजे. नवे कोरे बूट घालून थेट लांबच्या वाटेला लागू नका. सवय नसलेले बूट स्वतःच घासून जखम करतात. आठवडाभर कुत्रा घरात, आणि सुट्टीच्या दिवशी एकदम पंधरा किलोमीटर, हा प्रकार तर मला अजिबात पटत नाही. घाई आपली असते आणि भोगतो तो. अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. पिल्लांना लांब नेऊच नका. मोठ्या जातींमध्ये हाडं पक्की व्हायला दीड वर्षसुद्धा लागतं.

आता पाणी. "कुत्र्यांना पोहता येतंच" म्हणून पट्टा सोडणारे लोक आत जायची जागा बघतात, बाहेर यायची बघत नाहीत. काठ उभा आणि निसरडा असेल तर चांगला पोहणारा कुत्राही नुसता नखं घासत राहतो आणि दमून बुडतो. मी आधी पाण्यात एक काडी टाकतो आणि तिच्या बरोबरीने काठावरून चालतो. काडी माझ्या पुढे गेली, तर त्या दिवशी पट्टा सुटत नाही. वर धरण असेल तर ऊन पडलेल्या दिवशीही पाणी अचानक चढू शकतं, हे ध्यानात ठेवा. कुत्रा वाहू लागलाच, तर मागोमाग उडी मारू नका. काठाने प्रवाहाच्या दिशेने पळा, उताराची जागा गाठा आणि तिथून हाका मारा. पाठीवर मूठ असलेला हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घातलेला असेल तर तिथे धरून वर ओढता येतं. गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढलं तर गळा आवळतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

झाडाची काठी फेकू नका, तिचं टोक घशात घुसतं. तरंगणारं मऊ खेळणं न्या. तेही तास तास फेकू नका. दर वेळी तोंडात पाणी जातं, आणि फार पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून कुत्रा झोकांड्या देऊ लागतो. असं दिसलं तर लगेच व्हेट गाठा.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर एक थेंबही पिऊ देऊ नका. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने काही तासांत जीव जाऊ शकतो. कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) लस द्यायची राहिली असेल तर आधी ती द्या, मग नदी.

नदी जवळ आहे म्हणून उन्हाची भीती नाही, असं समजू नका. कुत्र्याचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं; 41 च्या पुढे जीवावर बेततं. थांबेना अशी धाप, घट्ट लाळ, अडखळती चाल दिसली की सावलीत घ्या, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला आणि व्हेटकडे निघा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

मासेमारीचा गळ रुतला तर ओढू नका, टोकाला उलटा काटा असतो. गिळला असेल आणि दोरा तोंडाबाहेर लोंबत असेल, तर तोही तसाच राहू द्या.

घरी आल्यावर कान कोरडे करा, काखेत आणि कानामागे गोचिडी शोधा. गार पाण्यात खूप पोहल्यावर दुसऱ्या दिवशी शेपूट मुळापासून लुळी पडलेली दिसते कधी कधी. बहुतेक वेळा ती चार-सहा दिवसांच्या विश्रांतीने उभी राहते. तरी व्हेटला दाखवून घ्या, आणि तोवर पाणी बंद.