सोया मेणबत्तीची परीक्षा बरणीच्या खालच्या अर्ध्यात होते

वातीचा आकार पहिल्या चाचणीवरून ठरवू नये, ही एकच गोष्ट सुरुवातीला कोणी ठणकावून सांगितली असती, तर माझे बरेच मेण आणि त्याहून अधिक मनस्ताप वाचला असता. मेणबत्ती पेटवून तीन तास होतात, तरी वितळलेल्या मेणाचे तळे काचेपर्यंत पोहोचत नाही आणि कडेला घट्ट मेणाचे कडे तसेच उभे राहते. हे टनेलिंग आहे आणि वात बारीक पडली आहे, असा निष्कर्ष आपण काढतो आणि एक क्रमांक मोठी वात लावतो. तीही अपुरी वाटली की त्याहून मोठी. अखेर पहिल्याच चाचणीत तळे काठाला भिडते, आपण समाधानाने ती वात कायम करतो आणि नेमके तिथेच फसतो.

फसतो कसे, हे नीट समजून घ्यायला हवे. बरणी भरलेली असते तेव्हा ज्योत काठाजवळ, जवळजवळ उघड्यावर असते, त्यामुळे तिची बरीचशी उष्णता वर निघून जाते. मेण खाली उतरू लागते तशी ज्योतीभोवती काचेची भिंत उंच होत जाते, उष्णता आत कोंडते आणि काच स्वतःच तापून कडेचे मेण सोडवू लागते. वरच्या भागात चिकटून राहिलेले मेण बहुधा याच टप्प्यावर वितळून खाली येते, कारण बरण्यांसाठीचे सोया मेण मुळात मऊ असते आणि साधारण 45 ते 55 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजेच योग्य वात पहिल्या एक-दोन चाचण्यांत थोडी दुबळीच दिसते. उलट, पहिल्याच दिवशी काठापर्यंत पोहोचणारी वात खालच्या अर्ध्यात गेल्यावर अतिरेक करते: ज्योत लांबट होऊन फडफडते, काचेवर काजळी धरते, तळे गरजेपेक्षा खोल होते आणि बरणीला हात लावता येत नाही. अशी मेणबत्ती कोणालाही भेट देऊ नये, विकण्याचा तर विचारही करू नये.

म्हणून चाचणी तळापर्यंत करावी. एका वेळी चार तास जाळून मेणबत्ती विझवावी, ती पूर्ण थंड होऊ द्यावी, वात सुमारे 5 ते 6 मिलिमीटर ठेवून कापावी आणि मगच पुन्हा पेटवावी. प्रत्येक वेळी तळ्याचा व्यास, त्याची खोली, ज्योतीची उंची आणि काच किती तापली, हे लिहून ठेवावे. अर्धी बरणी जळेपर्यंत तळे काठाला पोहोचले आणि त्याची खोली 6 ते 12 मिलिमीटरच्या दरम्यान राहिली, तर वात बदलण्याचे कारण नाही, मग पहिल्या दिवशी ते कसेही दिसलेले असो. अर्ध्याच्या खाली गेल्यावरही कडे तसेच उभे असेल आणि वात विहिरीत उतरल्यासारखी खोल जात असेल, तर मात्र ते खरे टनेलिंग समजावे आणि एकच क्रमांक वर जावे. बरणी 9-10 सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल, तर एका जाड वातीऐवजी दोन मध्यम वाती लावणे अधिक सुरक्षित ठरते.

या सगळ्याआधी क्युअरिंग, म्हणजे ओतलेली मेणबत्ती पेटवण्याआधी काही दिवस मुरू देणे. सोया मेण ओतल्यानंतरही कित्येक दिवस त्याची स्फटिकरचना बदलत राहते आणि ते हळूहळू कडक होते. दुसऱ्या दिवशी पेटवलेल्या मेणबत्तीत उत्तम चाललेली वात दोन आठवड्यांनी त्याच मेणात कमी पडू शकते, त्यामुळे घाईने केलेली चाचणी ही न केलेल्या चाचणीपेक्षा वाईट असते. ती खोटा विश्वास देते. एक ते दोन आठवडे थांबणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे. तरीही थांबावे.

इतर तक्रारींची उत्तरे त्यामानाने सोपी आहेत. वातीच्या टोकावर काजळीचा गोळा धरत असेल, तर वात मोठी आहे, कापलेली नाही किंवा सुगंधी तेल जास्त झाले आहे. ज्योत बारीक होऊन तळ्यातच बुडत असेल, तर वात लहान आहे, फार आखूड कापली आहे किंवा रंगाने तुंबली आहे. खडूचे तुकडे आणि अभ्रकाची चमकी वातीत अडकतात, म्हणून मेणबत्तीसाठी तयार केलेलाच रंग वापरावा. ज्योत तडतडत असेल, तर मेण वितळवताना त्यात पाण्याचा थेंब गेला असण्याची शक्यता मोठी असते. काजळी एकाच बाजूला धरत असेल, तर वातीला दोष देण्याआधी पंखा आणि खिडकी पाहावी.

सुगंध मंद येतो म्हणून तेल वाढवणे हा मला सर्वांत चीड आणणारा सोपा उपाय वाटतो. बहुतेक सोया मेणांत वजनाच्या 6 ते 10 टक्के तेल मुरते, म्हणजे 100 ग्रॅम मेणाला 6 ते 10 ग्रॅम. त्यापुढचे तेल बाहेर पाझरते किंवा वातीला जड जाते. तेल मापाने न घेता वजनानेच घ्यावे. तसेच, ‘माझा वातीचा क्रमांक डोळे झाकून घ्या’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शकापासून सावध राहावे. सीडी, ईको आणि एचटीपी या वातींच्या मालिकांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत आणि मेण, तेल किंवा बरणी यांतले काहीही बदलले की वातीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. विक्रेत्याचा तक्ता चाचणी कुठून सुरू करावी एवढेच सांगतो. चांगला मार्गदर्शक तुमच्या नोंदी मागतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावतो.

पृष्ठभागावर पांढरट कण दिसले किंवा काचेपासून मेण सुटून डाग पडल्यासारखे वाटले, तर मात्र अजिबात खचू नये. सोया मेणाचा तो स्वभावच आहे आणि जळण्यावर त्याचा परिणाम होत नाही. फसलेली बरणीही वाया जात नाही: काठावर अॅल्युमिनियमची फॉइल अशी गुंडाळावी की मध्ये भोक मोकळे राहील, मग कोंडलेल्या उष्णतेने कडेचे मेण समतल होते. अशा वेळी जवळून हलू नये. शेवटचे 12 मिलिमीटर मेण उरले की चाचणी थांबवावी, कारण त्याखाली ज्योतीची उष्णता थेट तळाच्या काचेवर येते आणि काच तडकू शकते. पेटलेल्या मेणावर पाणी तर कधीच ओतू नये, झाकण ठेवून ज्योत विझवावी.