मनाच्या संकटावरचं गावनाटक: प्रयोग लावताना या चुका टाळा

कापसाला भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलेलं, नायक एकटा, मागे हुंदके आणि मग काळोख. आत्महत्येवरचं पथनाट्य बऱ्याचदा असंच संपतं. लोक डोळे पुसतात, आयोजक खूश होतात. पण खचलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे त्या गर्दीतल्या एकालाही करून बघायला मिळालेलं नसतं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात घडवलेलं फोरम नाटक नेमकं त्यासाठी कामाला येतं. पंधरा-वीस मिनिटांचा प्रसंग एकदा सलग दाखवायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकाने ‘थांब!’ म्हणायचं आणि स्वतः येऊन एखाद्या पात्राची जागा घ्यायची.

मरण दाखवून नाटक संपवणं. सगळ्यात घातक चूक हीच. कशाने, कुठे, कसं यातलं काहीही दाखवू नका, संवादातही आणू नका. चिठ्ठीचं वाचन नको, ‘गेल्यावर गावाला किंमत कळली’ असला गौरव तर नकोच. प्रेक्षकांत त्याच विचारात बुडालेला कोणी बसलेला असू शकतो. प्रसंग अशा जागी तोडा, जिथून अजून वळता येतं. नायक ओट्यावर बसून म्हणतो, ‘आता माझा त्रास कोणाला नाही व्हायचा,’ आणि मित्र ‘उद्या भेटू’ म्हणत मोटरसायकलला किक मारतो. इथे थांबायचं.

चुकीचं पात्र बदलणं. मूळ पद्धतीत दबलेल्या पात्राची जागा प्रेक्षक घेतो. या विषयात ते अंगाशी येतं. ‘मी असतो तर मन घट्ट केलं असतं’ असं करून दाखवणारे पुढे येतात आणि खचलेला माणूस कमकुवत ठरतो. शिवाय ज्याच्या मनात खरंच तसं चाललंय, तोच ती भूमिका करायला उठला तर? म्हणून बदलायचा तो मित्र, वहिनी, शालक, वर्गशिक्षक किंवा आशाताई. खचलेलं पात्र तालीम झालेल्या नटाकडेच ठेवा.

या नटाची तालीम मात्र बहुतेक संघ करतच नाहीत. प्रेक्षकाने दोन गोड वाक्यं टाकली की तो हसायला लागतो, नाहीतर काहीही बोला, दगडासारखा बसतो. साधा नियम ठरवा. उपदेश, तुलना, ‘बायकापोरांकडे बघ’ असा आरोप आला की एक पायरी मागे: नजर खाली, उत्तर तुटक. शांत ऐकणं किंवा खरा प्रश्न आला की एक पायरी पुढे: एखादी दडवलेली गोष्ट उघड. सूत्रधाराने ‘चूक’, ‘बरोबर’ म्हणायचं नाही. नटालाच भूमिकेत विचारायचं, ‘हे ऐकून तुला काय वाटलं?’ बोआल या सूत्रधाराला जोकर म्हणत. पत्त्यातल्या जोकरासारखा, कोणत्याच रंगाचा नाही. तमाशातला सोंगाड्या या कामाला बसवायचा मोह होतो, पण हशा पिकवायची सवय इथे आवरावी लागते.

धोक्याचा सल्ला आला तर मात्र जोकरने गप्प बसू नये. ‘विष पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा’ असं कोणी म्हणालंच, तर तिथल्या तिथे सांगा: उलटी करवू नका, १०८ ला फोन करा, दवाखान्यात न्या.

मरणाचा शब्द टाळणं. सरळ विचारलं की डोक्यात कल्पना घुसते, हा समज खोटा आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो. तेव्हा ‘टेन्शन आहे का?’वर अडकू नका. ‘तुना मनमा मराना इचार येतस का, भाऊ?’ (तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?) हे अहिराणी वाक्य मंचावर निदान तीन-चार जणांच्या तोंडून यायला हवं. ‘हो’ आलं तर पुढे काय, तेही करून घ्या: एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, मदतीच्या हेल्पलाइनला फोन आत्ताच.

आणि खानदेशात सगळीकडे अहिराणीच चालते असं धरू नका. रावेर-यावलला लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्यात भिली, पावरी. जोकर त्या पट्ट्यातलाच हवा.

तारीख नारळ फोडणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीने ठरवणं. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीला असेल तर पुरुष केळीला पाणी द्यायला जाणार, मैदान रिकामं. आधी विचारा. गावात अलीकडेच असा मृत्यू झाला असेल तर प्रयोग पुढे ढकला. त्या घराची गोष्ट, पीक, नाती बदलूनही घेऊ नका, गाव ओळखतं. पात्रांना आडनाव देऊ नका. फक्त कर्ज हेच कारण दाखवू नका. दारू, घरातला जाच, आजारपण, परीक्षा एकमेकांत गुंतलेलं असतं. पाहुण्यांची भाषणं नाटकाआधी नकोत, नंतरही नकोत. मोबाइल शूटिंग बंद, कारण व्हॉट्सअॅपवर तुकडाच फिरतो.

लोक उठतच नाहीत? आधी ‘शेजारच्याशी दोन मिनिटं बोला, तुम्ही काय म्हणाला असता’. मग बसल्या जागेवरून एक वाक्य. मग मंच. बायका मागे ओट्यावर थांबत असतील तर दुपारी फक्त त्यांचा वेगळा प्रयोग करा.

शेवटी ‘ज्यांना त्रास आहे त्यांनी शाळेच्या खोलीत यावं’ असं माइकवरून सांगितलं, तर कोणीही जाणार नाही. कोण गेलं ते सगळ्यांना दिसतं. चहा ठेवा, अभिनय न करणारे दोन प्रशिक्षित समुपदेशक तासभर लोकांत मिसळू द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही आहे. तो सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या, तिथेच मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावा. सातपुड्याच्या पाड्यात रेंज नसेल तर नंबराऐवजी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना प्रयोगालाच बोलावून सगळ्यांना त्यांची ओळख करून द्या, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा, नाटकाविना.